वर श्री लिहिणाऱ्या इंदूकाकू

इंदूकाकू गेल्याचं मला त्यांच्या सुनेच्या, रूपालीच्या स्टेटसवरून कळलं. काकूंचा हळदी रंगाच्या साडीतला फोटो, भोवती फुलांची चौकट आणि खाली लिहिलेलं, ‘आई, तुमचे मेसेज खूप मिस करतोय’. पुढे रडकी तोंडं आणि जोडलेले हात, एका ओळीत मावले नाहीत इतके. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. तव्यावरची पोळी करपली तेव्हा भानावर आले.

कोणते मेसेज? ज्या बाईच्या हातातून तुम्ही फोन काढून घेतला, ज्या बाईला घरच्या ग्रुपमधून बाहेर केलं, तिचे कोणते मेसेज तुम्हाला आता आठवून राहिले? हे मी रूपालीला विचारणार नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण मनातून जातही नाही, म्हणून इथे लिहिते.

दिग्रसला आमच्या गल्लीत काकूंचं घर आमच्या समोरच. काका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. ते वारल्यावर काकू एकट्याच राहायच्या. मुलगा प्रकाश पुण्याला, त्याची बायको रूपाली, मुलगी नेहा. आणि राळेगावच्या पुढे एका खेड्यात काकूंची पाठची बहीण, सिंधूमावशी. माहेरचं माणूस म्हणून तेवढंच उरलं होतं. सिंधूमावशींचे कान पार गेलेले. मशीन आणलं होतं, पण ते कानात शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. त्यामुळे फोनवर बोलायची सोय नाही. दोघींचं सगळं आयुष्य पत्रांवर चाललं. पुढे सिंधूमावशींचा हात थरथरायला लागला, पेन धरवेना, पत्रं थांबली. तेव्हा त्यांच्या मुलानं, गजूनं, त्यांना मोठा फोन घेऊन दिला. पेन धरवत नसलं तरी काचेवर बोट ठोकता येत होतं. ते कळल्यावर काकूंनी प्रकाशच्या मागे लागून त्याचा जुना फोन मागून घेतला. काकू फोन शिकल्या त्या बहिणीसाठी. त्यांना गाणी ऐकायची नव्हती, रेसिपी बघायच्या नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे घरातले सगळे नेमकं हेच विसरले.

फोन घेऊन बसायची त्यांची एक रीत होती. आधी हात धुवायच्या. चष्मा पदरानं पुसायच्या, मग फोन पुसायच्या. पाटावर उशीची खोळ घडी करून ठेवायच्या आणि तिच्यावर फोन. फोन हातात धरून कधी लिहिलं नाही. उजव्या हाताचं एकच बोट, तेही जरा वाकडं, आणि प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणत. मी समोरच्या ओट्यावर ब्लाउजला हुक लावत बसायची, तर मला इकडे सगळं ऐकू यायचं. ‘क... ला काना का... ळ... जी.’ अख्ख्या गल्लीला कळायचं काकू कोणाला काय लिहून राहिल्या ते.

पहिल्या ओळीत श्री. ते नेहमी वर, मधोमध. सुरुवातीला त्यांना श्री सापडतच नव्हतं. बरेच दिवस ‘शरी’ असंच जायचं आणि सिंधूमावशींकडूनही ‘शरी’च यायचं, कारण त्यांनाही सापडत नव्हतं. नेहा सुट्टीत आली तेव्हा तिनं ते जोडून दाखवलं. त्या दिवशी काकूंनी बहिणीला मेसेज पाठवला, त्यात नुसतं श्री होतं, बाकी काही नाही. मग ‘चि. सिंधूस अनेक आशीर्वाद’, मग मजकूर, शेवटी ‘कळावे. तुझी ताई, इंदू’. आणि दर वाक्यानंतर पूर्णविराम. पूर्णविरामाला त्या टिंब म्हणायच्या. टिंब दिल्याशिवाय पुढचं वाक्य सुरू करायचं नाही. मी एकदा म्हटलं, काकू, आता कोणी देत नाही ते. तर म्हणाल्या, ‘भांडं उघडं ठेवतं काय तू रात्री? मंग वाक्य काहून उघडं टाकाचं?’

सिंधूमावशींचं उलट. त्या श्री लिहायच्या, पण त्याच्यापुढे एक टिंब नाही. ‘सोयाबीन काढले गाय व्याली गजूला ताप होता म्हैस विकली’. काकू हे मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि वाचता वाचता स्वतःच टिंबं घालायच्या. ‘गजूले ताप होता. म्हैस विकली. का गजूले ताप होता म्हणून म्हैस विकली? हिले विचारा लागते.’ विचारायच्या. दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, ‘ताप उतरला म्हैस दूध देत नव्हती’. मग आम्ही दोघी हसायचो.

श्रीचं एक कारण होतं, तेही सांगून ठेवते. जुन्या लोकांत कोणतंही पत्र श्री लिहून सुरू करायचं. फक्त एका पत्रावर श्री नसतं, कोणी गेल्याच्या. त्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो आणि ते वाचून झालं की घरात ठेवत नाहीत. काकूंच्या वडलांचं तसं पत्र आलं होतं, तेव्हा पोस्टमननं ते दारातून आत न देता बाहेर बोलावून हातात दिलं. त्यामुळे या दोघी बहिणींना कोणताही कागद हाती आला की नजर आधी वर जायची. श्री दिसलं की जीव खाली पडायचा. फोनवर आल्या तरी नजरेची सवय तीच राहिली. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून समजलेलं नाही.

पण हसले. प्रकाशच्या घरचा एक ग्रुप होता, ‘आपली माणसं’ नावाचा. त्यात काकूंना घेतलं होतं, सिंधूमावशींनाही घेतलं होतं. काकू त्या ग्रुपवर पत्रासारखंच लिहायच्या. सगळ्यांना आशीर्वाद, इकडचं पाऊसपाणी, तुळशीचं लग्न झालं, बोरं पिकली, नेहाचा खोकला गेला का. रूपालीच्या भावानं खाली लिहिलं, ‘आला निबंध’. बाकीच्यांनी हसून लोळणारी तोंडं टाकली. काकू मला म्हणाल्या, ‘पाह्य व, सगळ्याइले आवडलं.’ मी ब्लाउजला हुक लावत राहिले. दोन-चार वेळा तसं झाल्यावर नेहानं त्यांना फोन करून सांगितलं, आजी, इतकं लांब कोणी वाचत नाही, थोडक्यात लिहीत जा.

त्यांनी ते मनावर घेतलं. थोडक्यात लिहायला लागल्या. पुढच्या दिवाळीच्या आधी रूपालीनं विचारलं, माझे आईबाबा दिग्रसला आले तर चालेल का. काकूंनी लिहिलं, ‘श्री. या.’ आणि टिंब. रूपाली तो मेसेज बघून रुसली. तिनं प्रकाशला सांगितलं, आई चिडल्या आहेत, नुसतं या म्हणून वर फुलस्टॉप दिला. म्हणे पूर्णविराम दिला की माणूस रागात आहे असं समजतात. दिवाळीला कोणीच आलं नाही. काकूंनी पाहुण्यांसाठी गाद्या उन्हात घातल्या होत्या, अनारसे करून ठेवले होते. प्रकाशचा फोन आला तेव्हा त्यांना कळलं की आपण रागावलो होतो. लांब लिहिलं तर निबंध, आखूड लिहिलं तर राग. या बाईनं लिहावं तरी कसं, ते कोणी सांगितलं नाही. आणि टिंबानं जर राग होतो, तर मग काकूंच्या सातवीपर्यंतच्या सगळ्या पुस्तकांना राग आला म्हणायचा. मी चौथीच शिकले, पण माझ्या चौथीच्या पुस्तकातही दर ओळीला टिंब होतं.

काकूंनाही राग यायचा, पण भलत्याच गोष्टीचा यायचा. ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपुढे मुलं पाच-सहा उद्गारचिन्हं द्यायची. त्या म्हणायच्या, ‘एवढे खांब कायले रोवले? मांडो घालाचा हाय काय?’ नेहा ‘ओके’ न लिहिता इंग्रजीतला नुसता ‘के’ पाठवायची. काकू मला विचारायच्या, ‘हिचा ओ कुठी पडला?’ पण सगळ्यांत जास्त संताप अंगठ्याचा. एकदा त्यांनी प्रकाशला मन लावून लिहिलं होतं. काकांचं वर्षश्राद्ध आहे, तुला येणं होत नाही हे मला समजतं, मी गुरुजींना सांगून सगळं करून घेते, तू तिकडे एखाद्या गरिबाला जेवू घाल. त्याच्या उत्तरात प्रकाशनं एक अंगठा पाठवला. काकू फोन घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

‘मंदा, याले मी शिकवलं. इंजिनेर केलं. आन् हा मले अंगठा देते. याले सही येत नाही काय?’

मी समजावलं की काकू, त्याचा अर्थ बरं आहे, असा होतो. त्यांनी ते कधीच मान्य केलं नाही. म्हणायच्या, अंगठा म्हणजे एक तर अडाण्याची सही, नाही तर दुसऱ्याला दाखवायचा ठेंगा. तिसरा अर्थ नाही. त्यांच्या आईनं जन्मभर अंगठाच दिला होता, म्हणून आपल्या दोन्ही पोरींना तिनं शाळेत पाठवलं. ‘अन् आता शिकून अंगठ्यावर आले हे.’ पुढे प्रकाशचा अंगठा आला की त्या उलट मेसेज करायच्या, ‘श्री. अंगठा मिळाला. कृपया सही करावी.’ त्यावरही त्यानं एकदा अंगठाच पाठवला.

आता साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची गोष्ट. तीच लिहायची म्हणून बसले आहे.

नेहाचं लग्न पुसदच्या मुलाशी जमलं. मुलाकडची जुन्या वळणाची माणसं, साक्षगंध दिग्रसला मुलीच्या आजीच्या घरी करू म्हणाली. मुहूर्त अगदी जवळचा निघाला. प्रकाश, रूपाली, नेहा घाईनं आले. आदल्या दिवशी दुपारी घरात नुसती धावपळ. मी नेहाचा ब्लाउज अंगासरशी करून द्यायला बसले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

रूपालीनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, साक्षगंध होईपर्यंत कोणालाही काही कळवायचं नाही, नंतर एकदम फोटो टाकायचे. काकू म्हणाल्या, सिंधूला तर बोलवावंच लागेल. रूपाली म्हणाली, बोलवा, पण कशासाठी ते लिहू नका, मावशी गावभर करतील. काकूंनी ते ऐकलं. हात धुतले, फोन पुसला, पाटावर ठेवला आणि लिहिलं. ‘श्री. चि. सिंधूस अनेक आशीर्वाद. वि. वि. प्रकाश, रूपाली व नेहा आले आहेत. सगळे जमले आहेत. उद्या सकाळी पोच. गोष्ट आनंदाची आहे. कळावे. तुझी ताई, इंदू.’

पाठवायच्या आधी त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. रूपालीनं फोन उचलला. म्हणाली, ‘आई, आनंदाची म्हटलं की त्या ओळखणारच ना. आणि हे चि., वि. वि., कळावे, किती ते.’ तिचा अंगठा भराभर चालला. वरचं गेलं, खालचं गेलं, मधली टिंबंही गेली. काकू उठून उभ्या राहिल्या.

‘रूपाली, श्री तं राहू दे व.’

‘आई, व्हॉट्सअपवर कोण लिहितं श्री? चालतं हो तसंच.’

आणि पाठवून मोकळी झाली. गेलं ते इतकंच, ‘सगळे जमले आहेत उद्या सकाळी पोच’. मग स्वतःच्या फोनची बॅटरी संपली म्हणून पाहुण्यांना घराचा पत्ता पाठवायला तिनं काकूंचा फोन आपल्याजवळच ठेवला. काकू मागच्या खोलीत रव्याचे लाडू वळायला बसल्या. लाडू वळता वळता मला म्हणाल्या, सिंधूला वाटेल मी तिला आशीर्वादही दिला नाही. त्यांना तेवढंच वाईट वाटत होतं. पुढचं त्यांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. अंगणात कापडी मांडव, सतरंज्या, नेहा हिरव्या शालूत. तिला पाटावर बसवायची वेळ आणि गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. आमच्याकडे मयताला येणारी बाई गल्लीच्या वळणापासून रडत येते. तसा आवाज. मांडवातल्या सगळ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आवाज जवळ आला, तेव्हा मला सिंधूमावशी दिसल्या. केस सुटलेले, कपाळ मोकळं, अंगावर घरातलं विटकं लुगडं, दोन्ही बाजूंनी गावातल्या दोन बाया धरून. ‘माय माय वो, इंदूताई, मले टाकून कशी गेली वो.’

काकू दारात उभ्या होत्या. हातात हळदीकुंकवाचं ताट, अंगावर जरीची साडी. सिंधूमावशी दारापर्यंत आल्या, मान वर केली आणि त्यांचं रडणं एकदम तुटलं. मग मावशींनी हात पुढे करून काकूंचं तोंड चाचपलं. गाल, हनुवटी, नाकातली फुली. आणि मग त्यांच्या दंडावर मूठ मारली, इतक्या जोरात की ताटातलं कुंकू सांडलं.

‘जित्ती हायेस तं श्री काहून नाही लिवलं?’

कान नसलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो. ते सगळ्या मांडवानं ऐकलं. त्यांच्याबरोबरच्या बायांनी मग सांगितलं. आदल्या दिवशी मेसेज आला. वर श्री नाही, खाली ताईचं नाव नाही, एक टिंब नाही. मावशी म्हणाल्या, माझी ताई श्री लिहिल्याशिवाय राहायचीच नाही, म्हणजे हे दुसऱ्याच कोणी तिच्या फोनवरून लिहिलं, म्हणजे ताई राहिली नाही. आणि सगळे जमले आहेत, सकाळी पोच. आमच्याकडे माणूस गेल्यावर असंच कळवतात. गजू कापूस घेऊन बाहेरगावी गेलेला. मावशी पहिल्या गाडीला निघाल्या. तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

तेव्हा मुलाची आजी, पुसदची म्हातारी, तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, ‘श्री नव्हतं काय? मंग बाई बरोबर हाय. मी बी रडतच आली असती.’ तिनं सिंधूमावशींना आपल्याजवळ सतरंजीवर बसवून घेतलं, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, चहा मागवला. काकूंनी मावशींचे केस विंचरले. साक्षगंध नीट पार पडलं. मुलाकडच्या एकाही माणसाच्या कपाळाला आठी पडली नाही. जाताना त्यांच्या आजीनं काकूंना मिठी मारली. सिंधूमावशी संध्याकाळच्या गाडीनं आपल्या बायांबरोबर परत गेल्या, पदरात लाडू बांधून.

आणि पाहुणे गेल्यावर प्रकाशनं काकूंना समोर बसवलं. मी आत भांडी आवरत होते. तो म्हणाला, आई, तुझ्या या जुन्या सवयींपायी आज आमची मान खाली गेली. काय ते श्री, काय ते टिंब, लोक काय म्हणाले असतील. काकू म्हणाल्या, ‘मी श्री लिवलं होतं.’ एवढंच. रूपाली तिथेच बसून मोबाइलवर नेहाचे फोटो बघत होती. तिनं एकदाही म्हटलं नाही की ते मी पुसलं. काकूंनीही तिचं नाव घेतलं नाही. नातीच्या शुभदिवशी त्यांना घरात वाद नको होता, हे मला समजत होतं. पण त्यांच्या मुलाला समजू नये? आपली आई पन्नास वर्षं जे लिहीत आली ते आजच कसं विसरली, एवढं तरी त्यानं विचारावं की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यानं काकूंच्या फोनमधलं सिम काढून एका बटणाच्या साध्या फोनमध्ये घातलं. मोठा फोन स्वतःच्या पिशवीत टाकला. म्हणाला, आई, तुला ते व्हॉट्सअप झेपत नाही, उगाच ताप, यावर मी रोज बोलत जाईन. ग्रुपमधून काकूंचं नाव त्याच्या आधीच काढलेलं होतं. म्हणे आता फोनच नाही तर नाव ठेवून काय करायचं. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या,

‘प्रकाश, मले बोलाले फोन नाही पाहिजे. मले लिहाले पाहिजे.’

तो हसला, पाया पडला आणि गाडीत बसला.

त्यानंतर काकू बदलल्या. बहिणीला पोस्टकार्ड टाकलं, तर उत्तर येणार कसं, मावशींना पेन धरवत नव्हतं. माझ्याजवळ तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. घरातला एकच, तो आमच्या यांच्याबरोबर जिनिंगमध्ये जायचा. तरी संध्याकाळी त्याच्यावरून लिहा म्हटलं, तर काकू म्हणाल्या, परक्या माणसाच्या फोनात माझं-सिंधूचं कसं लिहू. सिंधूमावशींचे मेसेज कुठे जात असतील, कोणाला माहीत. बटणाच्या फोनवर दर रविवारी प्रकाश बोलायचा, जेवलीस का, गोळी घेतलीस का. काकू विचारायच्या, फोन कधी देतं. तो म्हणायचा, पाहू. एका रविवारी त्यानं सांगितलं की तो फोन दुकानात देऊन रूपालीला नवा घेतला. काकूंनी ‘बरं’ म्हटलं, बटण दाबलं आणि तो फोन गव्हाच्या कोठीवर ठेवला. संताप माझ्या डोक्यात होता. त्यांचं काय होत होतं ते त्यांनी मला दाखवलं नाही. फक्त म्हणाल्या, ‘मंदा, उद्या माह्यासंगं चालतं काय? राळेगावले.’

दिग्रसहून यवतमाळ, तिथून राळेगाव, पुढे ऑटो. पिशवीत दोन साड्या, गोळ्या आणि काकांचा फोटो. दोन दिवस राहून येते असं म्हणाल्या होत्या. घराची चावी बस सुटायच्या आधीच माझ्याजवळ दिली.

सिंधूमावशी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. काकूंना बघून उठल्या नाहीत, नुसती जागा करून दिली. मग तोंड सुटलं. ‘तुहे मेसेज काहून नाही आले? मी रोज लिवलं. मले वाटलं आता खरंच मेली.’ काकूंनी हातानं खुणा केल्या, पण इतकं सगळं खुणांनी सांगता येईना. तेव्हा मावशी आत गेल्या आणि गजूच्या पोरीची पाटी घेऊन आल्या, खडूचा तुकडा घेऊन आल्या. काकू लिहायला लागल्या. सावकाश, वळणदार, एकेक ओळ. मावशी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायच्या आणि काकू पुसून पुढची लिहायच्या. फोन नेला. विकून टाकला. ग्रुपमधून माझं नाव काढलं. मावशींच्या आवाजानं आजूबाजूच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या.

मावशींनी सगळं वाचून घेतलं. मग कमरेची पिशवी सोडली, आपला फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. ‘त्या आपल्या माणसातून माहं नाव काढून दे.’ मी विचारलं, नक्की का, म्हणजे खुणेनं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘जिथं ताई नाही तिथं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?’ मी बोटानं दाबलं. सिंधूमावशी ग्रुपमधून बाहेर पडल्या, अशी बारीक ओळ आली. ती मी काकूंना दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती वाचली आणि मग कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

माझी परतीची गाडी होती. मी उठले, पायात चप्पल घातली. काकूंनी मला हातानं थांबवलं आणि पाटी मांडीवर घेतली. मी दोन हातांवर उभी, मला चांगलं ऐकू येतं, त्या तोंडानं सांगू शकत होत्या. पण त्यांना ते लिहायचंच होतं. खडू बोटाएवढाही राहिला नव्हता. लिहून झाल्यावर त्यांनी पाटी माझ्याकडे न करता बहिणीकडे केली. मावशींनी नेहमीसारखं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं वाचलं.

‘श्री. मंदा, चावी प्रकाशला द्यावी. मी आता इथेच राहते.’

काकूंनी पुसायला पदर पुढे केला. सिंधूमावशींनी त्यांचा हात धरला, पाटी काढून घेतली आणि आत देवाच्या फळीवर नेऊन उभी ठेवली.